उतरेल सकाळी

"झोपू दे त्याला, सकाळी उतरेल,"
आंते म्हणाला.

सकाळ कुठली?
वारांगरच्या काठी मे सरत आला
की सूर्य पाण्यापर्यंत येतो,
विचार बदलतो, पुन्हा वर चढतो.
दहा दिवस आम्ही रात्र पाहिली नव्हती.

होडीघरात आम्ही सहाजण.
आयलर्टच्या आजोबांनी घरी गाळलेली,
कॅनमधली, दिसायला पाणी.
ती कॉफीत घालून घ्यायची असते.
आयलर्टने कॉफी घेतली नाही.
पैज होती. कसली,
ते आता कोणालाच आठवत नाही.

आधी तो फार बोलला, मग रडला,
मग जाळ्यांच्या ढिगावर आडवा झाला,
आणि आम्ही निळ्या मार्करने
त्याला मिशा काढल्या.
फोटोही काढला. मीच काढला.

म्हणून ओठ निळे दिसले तेव्हा
मला आधी वाटलं, मार्करच.
अंगठ्याने पुसून पाहिलं.
मिशी फिसकटली.
ओठ तसेच.

कान पिरगाळला. कानात ओरडले.
गालावर चापट, मग जोरात चापट.
माणूस झोपेत निदान कुरकुरतो.
हा बर्फावर ठेवलेल्या कॉडसारखा,
गार, ओलसर,
आणि तोंडाच्या कोपऱ्यातून ओकारी गळतेय
ती त्याच्या गावीही नाही.

योरुनने कॉफी आणली, काळी, कडक.
मथिस म्हणाला, फ्योर्डात बुचकळू या, ताळ्यावर येईल.
आंते म्हणाला, फोन केलास
तर म्हातारा आत जाईल.

एक, एक, तीन.

पलीकडची बाई किर्केनेसहून बोलत होती.
कोणी गाळली ते तिने विचारलंच नाही.
विचारलं: हलवल्यावर उठतो का?
श्वास मोज. मोठ्याने. मला ऐकू दे.
आणि कॉफी नको, पाणी नको,
घशात बोट घालायचं नाही,
गार पाण्यात तर मुळीच नाही, अगं,
त्याचं अंग आधीच विझत चाललंय.
कुशीवर घे. वरचा गुडघा दुमड.
गाल त्याच्याच हातावर, तोंड जमिनीकडे,
म्हणजे येईल ते बाहेर येईल.
पांघरूण घाल. तू हलू नकोस.
रस्त्यावर उभं राहायला दुसऱ्याला पाठव.

मी म्हणाले, पण त्याने पिणं थांबवून
अर्धा तास झाला!
ती म्हणाली, त्याने थांबवलंय.
पोटाने नाही. अजून चढतेय.

तोवर मला वाटायचं,
चढलेलं आपोआप उतरतंच.

गाडीला पन्नास मिनिटं.
एक.
कुठेतरी कुरव पक्ष्याचं भांडण.
दोन.
आजोबांच्या होडीला नवा रंग दिलेला, त्याचा वास.
मग काहीच नाही.
काहीच नाही.
फळीच्या फटीतून ऊन त्याच्या मानेवर,
तिथली शीर मी डोळ्यांनी धरून ठेवलेली.
बाई म्हणाली, मी आहे.
थांबलाच तर छाती कशी दाबायची ते सांगते.
तीन.
मिनिटाला सात, मग सहा, मग सात.
सातव्याला मी हसले,
का ते माहीत नाही.

आंतेच धावत गेला रस्त्यावर,
अंगातला लाल स्वेटर काढून हलवत,
गाडी दिसायच्या कितीतरी आधीपासून.

आयलर्ट जूनभर माझ्याशी बोलला नाही.
आजोबांची भट्टी गेली, दंड झाला,
म्हातारा दुकानात मला पाहून
ब्रेडचे भाव वाचत राहिला.

जुलैत आयलर्ट दारात.
लोकरीचं पांघरूण धुऊन आणलेलं,
तरी माशांचा वास होताच.
बराच वेळ बुटाने खडे सरकवत राहिला.
मग म्हणाला, मोजत होतीस म्हणे.
मधली सगळ्यात मोठी गॅप किती?

"बारा सेकंद," मी म्हणाले.

सतरा होती.